घर सोडायची नोटीस मालकानेच दिली, तरी भाडेकरूने वेगळी नोटीस द्यायची का? आणि डिपॉझिटचं काय?

जुळेकर
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही तिघं भाड्याने राहतो. भाडं ९,०००, डिपॉझिट ४०,०००. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी) करार झाला होता, ऑनलाइन, अंगठ्यासकट. तो गेल्या वर्षी संपला. नवा करायचा का विचारलं तर मालक काका म्हणाले, "आपल्यात कशाला परत खर्च." तेव्हापासून भाडं दरमहा त्यांच्या खात्यावर जातंय.

आता त्यांचा मुलगा पुण्याहून कायमचा परत येतोय, म्हणून वकिलामार्फत नोटीस आली: दोन महिन्यांत घर रिकामं करा. घर त्यांचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. आम्हाला विजापूर रोडला बरं घर लगेच मिळालं. तिथला मालक थांबायला तयार नाही, म्हणून या महिनाअखेर निघतो असं काकांना सांगितलं, तर त्यांचा सूरच पालटला. "तुम्ही मला महिन्याची नोटीस दिली नाही, एक महिन्याचं भाडं डिपॉझिटातून कापणार. रंगाचे पैसे वेगळे."

जा म्हणून त्यांनीच कळवलं, मग मी परत नोटीस कशाला द्यायची? आणि या महिन्याचं भाडं न देता "डिपॉझिटातून वळतं करून घ्या" म्हटलं तर चालतं का?

कडक_भाकरी
आधी घालवायचं आणि मग विचारायचं, सांगून का नाही गेलात. झकास आहेत काका.

साखरपेठी
अजिबात भाडं देऊ नका. पैसे हातात पडेपर्यंत चावीसुद्धा देऊ नका. कायद्याने ९० दिवसांची नोटीस लागते, त्यामुळे तुमची दोन महिन्यांची नोटीस मुळात बादच. बसून राहा निवांत, काय करतात बघू. आमच्या पेठेत लोक तीन-तीन पिढ्या बसलेत.

शेंगाचटणी
साखरपेठी, तुमच्या पेठेतली भाडी दीडशे रुपये आहेत ओ. त्या माणसाला ९,००० देऊन बसायचंय. बसून काय करलालाव?

वाड्याचा_वारस
मालकाच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो. आमच्या वडिलांच्या पेन्शनला खालच्या दोन खोल्यांच्या भाड्याचा हातभार आहे. मागचा भाडेकरू एका रविवारी टेम्पो लावून निघून गेला. लाइटबिल तुंबलेलं, मीटर आमच्या नावावर. बाथरूमचा नळ उपटून नेलेला, भोकात लाकडाचा दट्ट्या मारलेला. डिपॉझिट कापलं तर बाहेर सांगतोय की मालकाने बुडवलं. धागाकर्त्याच्या काकांनी दोन महिन्यांचा हिशेब धरला असेल. मुलगा दोन महिन्यांनी येणार, तोवर भाडं चालू राहील असं वाटलं असेल. एकदम पंधरा दिवसांत निघतो म्हटल्यावर माणूस गडबडणारच. नोटीस मागतात त्यात गैर काय?

जुळेकर
वारसदादा, लाइटबिल भरलेलं आहे, नळ जागच्या जागी आहेत. :) गडबडले हे मान्य. पण रंगाचं काय? आम्ही आलो तेव्हाच भिंती जुन्या होत्या.

कोर्टाची_पायरी
सोलापूर कोर्टात वकिली करतो, म्हणून थोडं सविस्तर. कागद न बघता लिहितोय हे लक्षात ठेवा.

आधी साखरपेठींचे ९० दिवस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १५. भाडं थकलं म्हणून जर मालकाला दावा लावायचा असेल, तर आधी मागणीची लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावं लागतं. ते थकबाकीपुरतं आहे. इथे थकबाकीच नाही. "मुलासाठी घर पाहिजे" हे कारण वेगळ्या कलमात येतं, कलम १६ (१) (जी). तिथे मालकाची गरज खरी आहे का आणि कोणाची अडचण जास्त, हे न्यायालय बघतं. आणि हे सगळं भाडेकरूला. लिव्ह अँड लायसन्सवाल्याची गोष्ट निराळी, त्याला कलम २४. मुदत संपली की जागा सोडायची. सोडली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो आणि मुदतीनंतरच्या काळाचं नुकसान करारातल्या फीच्या दुप्पट दराने लागू शकतं. म्हणजे चावी धरून बसण्याचा सल्ला महिन्याला १८,००० चा पडू शकतो.

आता मूळ प्रश्न. मालकाच्या नोटिशीने तुम्हाला एक शेवटची तारीख मिळाली. त्या तारखेला निघालात तर तुमच्याकडून वेगळी नोटीस लागत नाही, त्यांचीच नोटीस पुरते. पण तुम्ही त्या तारखेच्या आधी निघताय. आधी निघणं हा तुमचा निर्णय, म्हणून तो तुम्ही लेखी कळवायला हवा. किती दिवस आधी, ते करारात लिहिलेलं असेल तितके. करार संपला असेल आणि तुम्ही महिन्याचे भाडेकरू ठरत असाल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०६ लागू पडतं: पंधरा दिवसांची लेखी नोटीस, दोन्ही बाजूंना सारखीच. २००२ च्या दुरुस्तीनंतर ती महिनाअखेरीला संपलीच पाहिजे असंही राहिलेलं नाही.

तेव्हा आजच पत्र द्या.

साखरपेठी
करार संपला म्हणता, मग एक महिन्याच्या नोटिशीचं कलम पण संपलं की. काका कुठल्या तोंडाने महिना मागतात?

कोर्टाची_पायरी
बरोबर जागी बोट ठेवलंत. काकांचा वकील म्हणेल, करार संपला पण जुन्याच अटींवर राहणं चालू राहिलं, भाडंही तेच, म्हणून नोटीसही एक महिन्याची. तुमचा वकील म्हणेल, लेखी नोंदणीकृत करार करणं ही भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने मालकाची जबाबदारी, तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरायचं, मालकाला उलट सिद्ध करू दे. दोन्ही बाजू न्यायालयात मांडता येतात. ९,००० रुपयांसाठी मांडायच्या का, ते तुम्ही ठरवा.

आणि "आपल्यात कशाला खर्च" म्हणणाऱ्या मालकांसाठी: त्याच कलमात नोंदणी न केल्याबद्दल मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड लिहिलेला आहे.

वाड्याचा_वारस
वडिलांना हा प्रतिसाद दाखवतो. झोप उडेल.

पुणेरी_सोलापूरकर
पण आता नव्या कायद्याने दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेताच येत नाही ना? ४०,००० म्हणजे चार महिन्यांहून जास्त झालं. आधी तेच बेकायदा आहे.

हिशेबनीस
तो आदर्श भाडे कायदा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ ला मंजूर केला, त्यात राहत्या घराला दोन महिने आणि इतर जागांना सहा महिने अशी मर्यादा आहे. पण तो नमुना आहे, ज्या राज्याला पाहिजे त्याने घ्यावा. महाराष्ट्रात १९९९ चाच चालतो आणि त्यात डिपॉझिटला अशी कमाल मर्यादा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र तो पाच वर्षं झाली रोज लागू होतोय.

जाता जाता डिपॉझिटबद्दल एक. बरेच एजंट करारात डिपॉझिट शून्य किंवा पाच हजार टाकतात, "स्टॅम्प वाचतो" म्हणून. किती वाचतो ते बघा. लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क पाव टक्का. ते एकूण भाड्यावर, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून त्या रकमेवर. ४०,००० चे १० टक्के ४,०००, त्याचा पाव टक्का १० रुपये. दहा रुपये वाचवायला चाळीस हजारांचा पुरावा घालवायचा.

शेंगाचटणी
दहा रुपयांत आजकाल शेंगाचटणीची पुडी पण येत नाय.

केगावची_मुलगी
वाचतेय. आम्ही विद्यापीठाजवळ चार मुली एका फ्लॅटवर होतो. करार एकीच्याच नावावर, डिपॉझिट चौघींनी मिळून रोख दिलेलं. तिची नोकरी लागली, ती गेली. मालकीणबाई म्हणाल्या, ज्यांच्याशी व्यवहार झाला त्यांनाच परत देणार. तिला दिले, तिने आम्हाला "देते देते". शेवटी तिच्या आईला फोन केल्यावर मिळाले. त्यामुळे पैसे कोणी दिले तेही कागदावर आणा ग मुलींनो, निदान खात्यावरून पाठवा.

पंढरीची_वाट
मुलींनीच का, मुलांनी पण आणा.

मागवाला
आमच्या चुलत्याला एका कारखानदाराने डिपॉझिटऐवजी चादरी दिल्या होत्या. गठ्ठा घरी आणून टाकला, म्हणाला मोजून घ्या. आजपर्यंत लग्नात आहेराला त्याच जातात.

कडक_भाकरी
त्यातली एक मला आली असणार. चांगली टिकली हो.

जुळेकर
:D मूळ मुद्द्यावर येतो. पायरीसाहेब, पत्र आज देतो. आज दिलं तरी महिनाअखेरीला पूर्ण पंधरा दिवस होत नाहीत, चार-पाच कमी पडतात. आणि पत्र कसं द्यायचं? व्हॉट्सअ‍ॅप चालेल का? शिवाय आणखी एक प्रकरण आहे. इकडे पाणी चार-पाच दिवसाआड येतं हे सगळ्यांना माहीत आहे. आम्ही आलो तेव्हा वर साठवायला काहीच नव्हतं. आमच्या पैशाने हजार लिटरची टाकी बसवली, खालून मोटर, पाइप. काका म्हणतात, टाकी घराची झाली, काढायची नाही.

हिशेबनीस
पोस्टानेही पाठवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे खिडकीवर आरपीएडी (पोचपावतीचं रजिस्टर) मागू नका. स्पीड पोस्ट करा आणि पोच हवी म्हणून सांगा. पावतीचा फोटो काढून ठेवा, ती शाई काही महिन्यांत उडते.

कोर्टाची_पायरी
चार-पाच दिवस कमी पडतात तर तितक्या दिवसांचं भाडं द्या, महिन्याचं कशाला? पत्रात सरळ लिहा: तुमच्या अमुक तारखेच्या नोटिशीप्रमाणे जागा सोडत आहोत, ताबा अमुक दिवशी देऊ, त्या दिवशी दोघांनी मिळून घर बघावं, डिपॉझिट त्याच वेळी परत करावं. चावी दिली की साध्या कागदावर ताबा पावती: तारीख, मीटरचं रीडिंग, किल्ल्या किती, दोघांच्या सह्या. भाडं त्या तारखेला थांबतं. निम्मी भांडणं या एका कागदाअभावी होतात. भाडेकरू म्हणतो ३० ला सोडलं, मालक म्हणतो कुलूप १५ तारखेपर्यंत तुमचंच होतं.

"डिपॉझिटातून वळतं करा" हे स्वतःच ठरवू नका. बहुतेक करारांत तसं चालणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि भाडं थांबवलं की तुम्ही थकबाकीदार. आत्तापर्यंत तुमची पाटी कोरी आहे, ती तशीच ठेवा. काकांनी लेखी होकार दिला तर मात्र खुशाल वळतं करा.

रंग: मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ (एम) बघा. जागा घेतली तशी परत करायची, पण रोजच्या वापराने होणारी झीज वगळून. भिंत मळणं, रंग फिका पडणं ही झीज. पोराने स्केचपेनने काढलेला रेल्वेचा डबा ही झीज नाही.

टाकी: त्याच कलमाचं (एच). स्वतः बसवलेली वस्तू भाडेकरूला नेता येते, पण घराचा ताबा असेपर्यंतच, आणि जागा होती तशी करून द्यावी लागते. म्हणजे चावी द्यायच्या आधी काढा. पाइपाची भोकं बुजवून द्या. करारात "केलेली सुधारणा मालकाची" असं असेल तर मग गोष्ट वेगळी, तेवढं वाचा.

जुळेकर
स्केचपेनचं तुम्हाला कसं कळलं?

वाड्याचा_वारस
टाकी काढू नका, विका. काकांच्या मुलालाही पाणी चार दिवसांनीच येणार आहे. सून आल्यावर पहिला प्रश्न टाकीचाच निघेल.

साखरपेठी
सगळं खरं, पण एवढं करून मालकाने डिपॉझिट नाहीच दिलं तर? चावी गेली, पैसे गेले. वकीलसाहेब तेवढंच सांगत नाहीत. म्हणून म्हटलं चावी धरा. आमच्या मेव्हण्याच्या करारात चक्क लिहिलं होतं, डिपॉझिट परत मिळेपर्यंत भाडं न देता राहता येईल, नाहीतर १८ टक्के व्याज. मालकाने सही केलेली. मेव्हणा राहिला, मालकाने आठवड्यात पैसे आणून दिले.

कोर्टाची_पायरी
असं कलम असेल तर शंभर टक्के वापरा. बऱ्याच छापील नमुन्यांत ते असतं, लोक वाचत नाहीत. माझा आक्षेप कलम नसताना बसून राहायला आहे.

नसेल तर ताबा आणि पैसे एकाच बैठकीत. इकडे चावी टेबलावर, तिकडे पैसे खात्यावर. मालक टाळाटाळ करायला लागला तर ताबा द्यायला तयार असल्याचं लेखी कळवा, म्हणजे पुढच्या दिवसांचं भाडं अंगावर येत नाही. त्यानंतर वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा, वसुलीला तीन वर्षांची मुदत. पोलीस चौकीत गेलात तर "दिवाणी बाब आहे" ऐकून परत याल. खरं सांगायचं तर ४०,००० साठी दावा लावावा असं मी कोणाला सहज सांगत नाही. नोटिशीवर बहुतेक जण देतात.

पंढरीची_वाट
आमच्या एका मालकाने निघायच्या आदल्या आठवड्यात मोटरीचा फ्यूजच काढून नेला. पाणी येण्याच्या दिवशीच. बायको घागरी घेऊन शेजारी, मी ऑफिसातून फोनवर भांडतोय. त्याला वाटलं आम्ही लवकर जाऊ.

कोर्टाची_पायरी
भाडे नियंत्रण कायदा, कलम २९. पाणी, वीज, जिन्यातला दिवा असल्या सोयी मालकाला योग्य कारणाशिवाय तोडता येत नाहीत. न्यायालय पूर्ववत करायला लावू शकतं.

पंढरीची_वाट
न्यायालय होईपर्यंत पुढचं पाणी आलं असतं. शेजाऱ्याने फ्यूज दिला.

निवांत
एक शंका, थोडी अवांतर. मालकाने मुलाच्या नावाने घर खाली करून घेतलं आणि महिन्याभरात जास्त भाड्याने दुसऱ्याला दिलं तर? आमच्या बोळात अगदी हेच झालं. मुलगा आलाच नाही, बोर्ड लागला "टू लेट".

कोर्टाची_पायरी
न्यायालयाच्या हुकमाने स्वतःच्या गरजेसाठी म्हणून ताबा घेतला असेल, तर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १७ आहे. ताबा घेतल्यापासून महिन्याभरात मालक राहायला आला नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिलं, तर जुना भाडेकरू परत ताबा मागू शकतो. तुमच्या बोळातले लोक नोटिशीवर आपण होऊन निघाले असतील तर त्यांना हे कलम उपयोगी पडायचं नाही.

शेंगाचटणी
म्हणजे शहाण्यासारखं निघालं की हक्क गेला. कायदा काय म्हणलालाय बघा.

वाड्याचा_वारस
शहाण्यासारखं निघाल्याने पुढच्या मालकाकडे आपलं नाव चांगलं राहतं, हे विसरू नका. सोलापूर छोटं आहे. आम्ही नव्या भाडेकरूच्या जुन्या मालकाला फोन करतोच.

साखरपेठी
आणि आम्ही जुन्या भाडेकरूला करतो.

जुळेकर
खबर देतो. पत्र दिलं, स्पीड पोस्टानेही आणि हातातही. हातात देताना काकू दारात होत्या, त्यांनीच वाचलं. काकांना म्हणाल्या, "नोटीस तुम्ही दिली आणि तुम्हालाच नोटीस पाहिजे?" त्यावर काका काही बोलले नाहीत.

कागद शोधला. करारात नोटीस एक महिन्याची होती, तेव्हा काका अगदीच हवेत बोलत नव्हते. डिपॉझिटातून भाडं वळतं करायचं नाही हेही लिहिलेलं, म्हणून या महिन्याचं भाडं भरून टाकलं. मग बसून बोललो. जितके दिवस कमी पडले तितक्या दिवसांचं भाडं, आणि हॉलच्या एका भिंतीच्या रंगाचे २,०००, कारण रेल्वेचा डबा होताच. पूर्ण रंगाची मागणी त्यांनी सोडली. टाकी आणि मोटर त्यांनी ठेवून घेतली, ४,००० धरले. म्हणजे कापाकापी करून डिपॉझिट जवळजवळ पूर्ण आलं. चावी देतानाच त्यांच्या मुलाने पुण्याहून पैसे पाठवले. मीटरचं रीडिंग लिहून दोघांनी सह्या केल्या. काकांनी किल्ल्या दोनदा मोजल्या.

हिशेबनीस
छान. नव्या घराचा करार करताना डिपॉझिटचा खरा आकडा टाका. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, मुद्रांक अडीचशेच्या आसपास. एजंट तीन हजार मागेल, विचारा कशाचे.

जुळेकर
अडीच हजार मागितले. विचारलं, "सर्व्हर डाऊन असतो" म्हणाला.

मागवाला
धागा वर आलाय तर माझंही विचारून घेतो. अक्कलकोट रोडला शेड भाड्याने घेऊन सहा माग चालवतो. मालकाने पंधरा दिवसांत शेड खाली करा म्हणून नोटीस दिली. माग म्हणजे काय खाट आहे का उचलून न्यायला? फाउंडेशन फोडावं लागतं, कनेक्शन बदलावं लागतं, कामगारांचं काय ते वेगळंच. इथेही पंधराच दिवस?

कोर्टाची_पायरी
कलम १०६ मध्ये उत्पादनासाठी दिलेल्या जागेचं भाडं वर्षागणिक धरतात आणि त्याला सहा महिन्यांची नोटीस लागते. पण वर्षाचा भाडेपट्टा नोंदणीकृत लागतो. कच्च्या कागदावर असेल तर समोरची बाजू म्हणणार की हे महिन्याचंच भाडं, आणि पंधरा दिवसांवर येणार. त्याखेरीज भाडे नियंत्रण कायदा कारखान्याच्या शेडलाही लागू असू शकतो. तो लागू असेल तर नुसत्या नोटिशीने उठवता येत नाही, कलम १६ मधलं कारण दाखवून दावा लावावा लागेल. तुमच्याकडे कुठला कागद आहे?

मागवाला
शंभरच्या स्टॅम्पवर लिहिलंय. दोन साक्षीदार आहेत, त्यातला एक वारला.

कोर्टाची_पायरी
भाडं भरल्याच्या पावत्या किंवा बँकेच्या नोंदी, वीजबिल, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी), सगळं घेऊन दुपारनंतर कोर्टात या. मालकाला तोवर काहीही लिहून देऊ नका, आणि भाडं थांबवू नका. घेत नसेल तर मनीऑर्डर करा, नाकारल्याचा शेरा जपून ठेवा.